मला मिरीचा वास आलाच नव्हता : वाईन चाखण्यामागचं विज्ञान



आजचा लेख एका चुकीपासून सुरू करते. चूक माझीच आहे.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एका प्रशिक्षणात वाईनचं वर्णन कसं करतात ते शिकत होते. समोर पाच ग्लास, प्रत्येकावर तीन आकडी क्रमांक, बाजूला पाणी, थुंकायला एक कप आणि एक छापील तक्ता. चौथ्या ग्लासात लाल वाईन होती. ती शिराझ जातीच्या द्राक्षांची होती हे नंतर कळलं. शिकवणाऱ्यांनी विचारलं, "काय जाणवतंय?" एकजण म्हणाला, "काळी मिरी." शेजारची म्हणाली, "हो, मिरी. अगदी स्पष्ट." सगळ्यांच्या माना हलल्या. मी ग्लास दोनदा हुंगला, तीनदा हुंगला. जांभळासारखं काहीतरी होतं, ओल्या लाकडासारखं काहीतरी होतं. मिरी कुठेच नव्हती.

तरीही मी तक्त्यात ‘मिरी’ या शब्दापुढच्या १५ सेंटीमीटरच्या रेघेवर साधारण ९ वर खूण केली.

का केली? कारण मला वाटलं, दोष माझ्या नाकात आहे. बाकीच्यांनी वाईन आधी चाखलेली, मी कधीच नाही. घुग्घुसहून आलेल्या मुलीला हे कसं कळणार, असं कोणी म्हणण्याआधी मी स्वतःच म्हणून घेतलं. पण तो ९ हा आकडा खोटा होता. तो कोणाला कधी कळला नसता. पुढे तो सरासरीत गेला असता आणि सरासरी आलेखात. आजचा लेख त्या एका आकड्याबद्दल आहे. संशोधनात यायची तयारी करत असाल, तर विषय कुठलाही असो, असा आकडा तुमच्याही हातून लिहिला जाऊ शकतो.

आधी एक खुलासा

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी होती, ती २०२१ मध्ये उठली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून आहे. या बंदीमागे कितीतरी बायकांचा लढा होता आणि घराघरांतलं दुःख होतं. ते आम्ही लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे माझा विषय ऐकल्यावर आई पहिल्यांदा एवढंच म्हणाली, "लोकांनी विचारलं पोरगी काय शिकते, तर मी काय सांगू?" मी म्हटलं, "सांग, वास मोजायला शिकते."

खरंच तेवढंच आहे. हा लेख वाईन पिण्याबद्दल नाही. चाखणारे लोक घोट तोंडात फिरवतात आणि थुंकतात. वाईनचं उदाहरण घेण्याचं कारण असं की चव आणि वास शब्दांत कसे पकडायचे यावर वाईनच्या निमित्ताने भरपूर काम झालं आहे. हीच पद्धत चहा, तांदूळ, दूध, आंबा, अगदी पिण्याच्या पाण्यालाही लागू पडते. लेखाच्या शेवटी एक प्रयोग दिला आहे, त्याला फक्त चहा लागतो.

जीभ किती आणि नाक किती?

आधी एक साधी गोष्ट करून बघा. नाक चिमटीत धरा आणि चिमूटभर बडीशेप चावा. थोडं गोड लागेल, बाकी काही नाही. आता नाक सोडा. बडीशेप एकदम ‘येते’.

जिभेला मूळ चवी थोड्याच कळतात: गोड, आंबट, खारट, कडू आणि मांसाच्या किंवा टोमॅटोच्या रसात असते ती उमामी. बाकी ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. चावताना पदार्थातले हलके रेणू घशाच्या मागून नाकात चढतात. म्हणून सर्दी झाली की भाजी ‘बेचव’ लागते.

तिसरा भाग स्पर्शाचा. तिखट ही चव नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता आणि वेदना ओळखणाऱ्या चेतांना जागं करतं. तुरटपणाचंही बरंचसं तसंच. जांभूळ, आवळा किंवा कच्चं केळं खाल्लं की तोंड आवळून येतं. त्यातले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत वाटते. लाल वाईनमध्ये टॅनिन द्राक्षाच्या सालींतून आणि बियांतून येतात. आयुर्वेदाने कषाय म्हणजे तुरट हा सहा रसांपैकी एक धरला. आजचं विज्ञान त्याला मुख्यतः स्पर्शात टाकतं. दोन्हीकडे अनुभव तोच आहे, वर्गीकरण वेगळं आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

म्हणजे ‘चव कशी आहे?’ हा एक प्रश्न नसतो. त्यात तीन वेगळी इंद्रियं काम करत असतात, म्हणून तक्त्यातही तीन भाग असतात.

शब्दामागे रेणू असतो का?

वाईनबद्दलचं लिखाण वाचलं की हसू येतं. ‘शिमला मिरचीचा वास’, ‘मिरीचा वास’, ‘ओल्या पुठ्ठ्याचा वास’. द्राक्षाच्या रसात शिमला मिरची कुठून आली? पण यातले काही शब्द अगदी काटेकोर आहेत.

शिमला मिरची घ्या, काही जण तिला ढोबळी मिरची म्हणतात. तिचा हिरवट वास मेथॉक्सिपायराझिन गटातल्या एका रेणूचा असतो. तोच रेणू सोव्हिन्यों ब्लांक आणि काबर्ने सोव्हिन्यों या द्राक्षांत असतो. पाण्यात लिटरला साधारण २ नॅनोग्रॅम एवढा असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. म्हणजे ‘शिमला मिरची’ हा इथे अलंकार नाही, निरीक्षण आहे.

बूच लावलेल्या बाटलीतल्या वाईनला कधी बंद खोलीतल्या ओल्या कपड्यांसारखा वास येतो. तो ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल नावाच्या रेणूचा. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: कुबट. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासात असणारा जिओस्मिन बिटातही असतो आणि बुरशी लागलेल्या द्राक्षांतून वाईनमध्येही येतो. मातीत तो हवासा वाटतो, वाईनमध्ये तो दोष. शब्द: मातकट.

आणि मिरी. शिराझमधल्या मिरीच्या वासामागे नेमका कोणता रेणू आहे हे २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वाईन संशोधन संस्थेतल्या लोकांनी दाखवून दिलं. त्याचं नाव रोटंडोन. हे नाव आलंय ‘सायपेरस रोटंडस’ या वनस्पतीवरून, आणि ही वनस्पती म्हणजे आपला नागरमोथा! शेतात निंदून निंदून हात दुखतात तो नागरमोथा, दिवाळीच्या उटण्यात असतो तो नागरमोथा. हा रेणू आधी त्याच्या गाठींत सापडला होता, वाईनमध्ये नंतर. हे वाचलं तेव्हा मी वसतिगृहातल्या खोलीत एकटीच हसले. परदेशी वाईनच्या सगळ्यात ‘उच्च’ वर्णनांपैकी एकाला आमच्या बांधावरच्या तणाचं नाव!

लाल वाईनमध्ये रोटंडोन लिटरला १६ नॅनोग्रॅम असला तरी बहुतेकांना कळतो. हिशोब करा: १ ग्रॅम रोटंडोन सुमारे ६ कोटी लिटर वाईनला पुरेल. ऑलिम्पिकच्या आकाराचे जवळपास २५ पोहण्याचे तलाव.

पण त्याच शोधनिबंधात आणखी एक ओळ होती, आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचली. चाखणाऱ्यांपैकी सुमारे पाचातल्या एकाला हा वास येतच नव्हता, पाण्यात लिटरला ४००० नॅनोग्रॅम टाकूनही नाही. त्यांचं नाक बिघडलेलं नव्हतं, बाकीचे वास त्यांना येत होते. फक्त हा नाही.

म्हणजे त्या दिवशी मिरी न येणं ही एक माहिती होती. ती मी खोडून तिच्या जागी दुसऱ्याचं उत्तर लिहिलं.

शब्दालाही माप लागतं

तराजू वापरायच्या आधी आपण त्यावर माहीत असलेलं वजन ठेवून बघतो. वर्णनाच्या शब्दाचंही तसंच करावं लागतं.

१९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या अ‍ॅन नोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाईनच्या वासांचं एक चक्र प्रसिद्ध केलं. मध्यभागी ढोबळ शब्द, म्हणजे फळासारखा, मसाल्यासारखा, मातीसारखा. बाहेर जाल तसे नेमके शब्द. ‘डौलदार’, ‘उमदी’, ‘भारदस्त’ असले शब्द त्यात नाहीत, कारण त्यांच्यासमोर ठेवायला काही वस्तू नाही. पुढे प्रत्येक शब्दासाठी संदर्भ नमुनेही दिले गेले: साध्या वाईनमध्ये शिमला मिरचीचा तुकडा टाकून ठेवा, तो वास म्हणजे ‘शिमला मिरची’. मग चर्चा संपते. सगळे एकच गोष्ट हुंगतात आणि तिलाच तो शब्द लावतात.

याची गरज काय, असं वाटत असेल तर एक शब्द सांगते: सांभार. आमच्या विदर्भात सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या मैत्रिणीला मी पहिल्यांदा "भाजीत सांभार घाल" म्हटलं तेव्हा तिने इडलीसोबतचं सांबार डोळ्यांपुढे आणलं. समजा आम्ही दोघी एकाच पॅनेलवर आहोत आणि तक्त्यावर ‘सांभारचा वास’ असा रकाना आहे. दोघींचे आकडे व्यवस्थित येतील, सरासरी निघेल, आणि त्या सरासरीला काडीचाही अर्थ नसेल. टेबलावर कोथिंबिरीची काडी ठेवली असती तर दोन मिनिटांत प्रश्न मिटला असता.

दुसरी अडचण उलट बाजूची. इंग्रजी पुस्तकांतले संदर्भ युरोपातल्या फळांचे असतात: ब्लॅककरंट, गूजबेरी. ही फळं मी कधी खाल्ली नाहीत. जे खाल्लंच नाही त्याचा वास ओळखला असं लिहिणं म्हणजे पुन्हा माझी मिरीच. त्याऐवजी जांभूळ, पेरू, करवंद, लिची, कैरी हे वापरता येतं, अट एकच: नमुना टेबलावर हवा आणि सगळ्यांनी तो हुंगलेला हवा. सोव्हिन्यों ब्लांकमध्ये पेरूची आठवण करून देणारे गंधकयुक्त रेणू असतातच, त्यामुळे ‘पेरू’ हा शब्द काही गावठी तडजोड नाही.

मराठीत वासांचे शब्द नाहीत असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, आंबूस, हिरवट, धुरकट, उग्र. यातल्या काहींची गंमत बघा. ‘खवट’ म्हणजे एका वस्तूचा वास नव्हे. जुने शेंगदाणे, जुनं खोबरं, जुनं तेल, सगळ्यांत समान असलेला गुण म्हणजे खवट. मागे रसायनही एकाच प्रकारचं, तेलाचं हवेने बिघडणं. इंग्रजीत बहुतेकदा ‘अमक्यासारखा वास’ असं म्हणावं लागतं. मलय द्वीपकल्पातल्या जंगलात राहणाऱ्या जहाई लोकांच्या भाषेत असे स्वतंत्र गंधशब्द डझनभर आहेत. आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये दाखवलं की जहाई बोलणारे लोक वासांना रंगांइतक्याच सहज नावं देतात, इंग्रजी बोलणारे मात्र वासांपाशी अडखळतात. म्हणजे वास शब्दांत मावत नाही हा माणसाचा स्वभाव नाही, सवयीचा आणि भाषेचा प्रश्न आहे.

आपल्या जंगलातलंच उदाहरण देते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाणाऱ्यांना त्या वासाचं वर्णन विचारा. कोणी ‘गोड’ म्हणेल, कोणी ‘उग्र’, कोणी ‘भातासारखा’. भातासारखा हे उत्तर चुकून आलेलं नाही. बासमती, आंबेमोहर अशा सुवासिक तांदळाचा वास मुख्यतः २-अ‍ॅसिटिल-१-पायरोलिन या रेणूचा असतो, आणि तोच रेणू मोहफुलांतही सापडला आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतले रतनलाल ब्रह्मचारी आणि सहकाऱ्यांनी तर तो वाघाने हद्द आखायला फवारलेल्या द्रवातही दाखवला. त्यांचं टिपण १९९० मध्ये ‘नेचर’मध्ये आलं. ताडोबाच्या वाटेवर कोणी म्हणालं की इथे भात शिजल्यासारखा वास येतोय, तर त्याला हसू नका. आधी आजूबाजूला बघा.

डोळा, शेजारी आणि थकलेलं नाक

२००१ मध्ये प्रसिद्ध झालेला फ्रान्समधल्या बोर्दोचा प्रयोग संशोधनात येणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावा. वाईनशास्त्र शिकणारे ५४ विद्यार्थी. आधी त्यांना एक पांढरी आणि एक लाल वाईन दिली आणि वासाचं वर्णन करायला सांगितलं. पांढरीला त्यांनी फिकट वस्तूंचे शब्द वापरले, लालला गडद वस्तूंचे. पुढच्या वेळी दोन्ही ग्लासांत तीच पांढरी वाईन होती, फक्त एकात वास नसलेला लाल रंग मिसळलेला. लाल दिसणाऱ्या पांढऱ्या वाईनला विद्यार्थ्यांनी लाल वाईनचे शब्द लावले.

या प्रयोगावरून ‘वाईन चाखणारे सगळे थापाडे’ असा निष्कर्ष लोक काढतात. मला तसं वाटत नाही. ते विद्यार्थी खोटं बोलत नव्हते. डोळ्याने आधीच उत्तर सुचवलं होतं आणि नाकाने ते भरलं. म्हणून रंग हा मोजण्याचा विषय नसेल तेव्हा काळे ग्लास किंवा लाल प्रकाश वापरतात.

दुसरं उदाहरण परीक्षकांचं. कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी परीक्षकांच्या नकळत एकाच बाटलीतली वाईन तीन वेळा दिली. २००८ च्या त्यांच्या निबंधानुसार साधारण दहा टक्के परीक्षकांनाच आपलं मत एका पदकाच्या मर्यादेत टिकवता आलं. आणखी दहा टक्के तर त्याच वाईनला कांस्यपासून सुवर्णपर्यंत फिरवत होते.

तिसरी अडचण आपल्या घरचीच. सुट्टीत घुग्घुसला बसमधून उतरले की कोळशाचा आणि धुराचा वास नाकात भरतो. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. हवा तीच असते, नाकाने त्या वासाकडे लक्ष देणं बंद केलेलं असतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या मूल्यमापनात चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक भागांत चौथं होतं आणि त्यात घुग्घुसही धरलेलं होतं. "आम्हाला तर काही वास येत नाही" हे वाक्य मी गावात किती वेळा ऐकलंय! म्हणणारा खरं बोलत असतो, पण ते हवेचं मोजमाप नसतं. चाखतानाही नाक असंच थकतं. म्हणून नमुने थोडे ठेवतात, मध्ये थांबतात आणि प्रत्येकाला वेगळ्या क्रमाने देतात.

आता माझ्या चुकीकडे परत बघा. शिकताना चर्चा लागते, शब्द तिथेच ठरतात. पण आकडा लिहायच्या वेळी प्रत्येकाने वेगळ्या कप्प्यात, न बोलता बसायचं असतं. मी चर्चेच्या गर्दीत आकडा लिहिला. बोर्दोच्या विद्यार्थ्यांना रंगाने उत्तर सुचवलं, मला शेजाऱ्यांनी. फरक एवढाच की त्यांना ते कळलं नव्हतं, आणि मला कळलं होतं.

बारापैकी पाच

शोधनिबंधातली ती ओळ वाचल्यावर मी दुसऱ्या दिवशी शिकवणाऱ्यांना जाऊन खरं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "मग बघूया ना."

त्यांनी त्रिकोण चाचणी लावली. तीन ग्लास देतात: दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता ते सांगायचं. माहीत नसेल तरी एक निवडायचाच. माझ्यासाठी वेगळेपणा म्हणजे मिरीचा वास असलेली वाईन. असे १२ त्रिकोण, थांबून थांबून, दोन दिवसांत.

माझी ५ उत्तरं बरोबर आली. मला जरा बरं वाटलं, ५ म्हणजे अगदीच वाईट नाही! मग त्यांनी हिशोब करायला लावला. डोळे मिटून अंदाजाने निवडलं तरी तीनात एकदा बरोबर येणार, म्हणजे १२ पैकी सरासरी ४. नुसत्या नशिबाने ७ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ६.६ टक्के, ८ किंवा जास्त येण्याची १.९ टक्के. ५ टक्क्यांची प्रचलित मर्यादा धरली तर ‘फरक कळतो’ म्हणायला किमान ८ हवेत. माझे ५ म्हणजे अंदाजपंचे.

एक बारीक गोष्ट: यावरून ‘मला रोटंडोनचा वास येत नाही’ हे सिद्ध झालं का? नाही. ‘येतो’ असं म्हणायला पुरावा मिळाला नाही, एवढंच. ही दोन वाक्यं वेगळी आहेत. मुलाखतीत हा फरक विचारला जाऊ शकतो आणि इथे घसरणं सोपं असतं.

शेवटी ते म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. मिरीच्या रकान्यातले तुझे आकडे धरायचे नाहीत. बाकी सगळे धरायचे." माझा तो ९ खोडला गेला, शेजारी तारीख आणि सही. तुरटपणाच्या रकान्यात मात्र माझे आकडे फेरचाचणीत सगळ्यात कमी हलत होते. लहानपणी खाल्लेल्या जांभळा-आवळ्यांनी काहीतरी शिकवलं असणार, असं मी गमतीने म्हणते. पुरावा नाही.

‘नाशिकची चव’ असं कधी म्हणता येईल?

आता प्रदेशाचा प्रश्न. महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी धोरण आणलं, आणि नाशिक-दिंडोरी भागात वाईनचा व्यवसाय वाढला. तिथली द्राक्षं युरोपपेक्षा वेगळ्या घड्याळावर चालतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळ्यानंतर फळ छाटणी आणि साधारण जानेवारी ते मार्च तोडणी. युरोपात तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास. म्हणजे नाशिकचं द्राक्ष हिवाळ्यात, गार रात्रींत पिकतं आणि पुढे उन्हाळ्याकडे सरकतं.

याचा चवीशी संबंध असतो. उष्णतेत द्राक्षातलं मॅलिक आम्ल लवकर घटतं, साखर वाढते. घडांवर ऊन पडलं की पायराझिन कमी होतं, म्हणजे शिमला मिरची मावळते. रोटंडोन थंड भागात जास्त आढळतं. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या ग्रॅम्पियन्सची शिराझ मिरीसाठी ओळखली जाते, ते याचमुळे.

तर मग नाशिकची एक बाटली आणि फ्रान्सची एक बाटली समोर ठेवून फरक लिहिला की झालं? नाही. या दोन बाटल्यांत प्रदेशासोबत वर्ष वेगळं, यीस्ट वेगळं, लाकडी पिंप वेगळं, तोडणीचा दिवस वेगळा, बनवणाऱ्याचा हातही वेगळा. फरक कशामुळे आला हे सांगताच येणार नाही. आणि तीच बाटली दहा जणांनी तीन-तीन वेळा चाखली म्हणून ३० नमुने होत नाहीत. नमुना एकच, मोजमापं ३०. याला आभासी पुनरावृत्ती म्हणतात, आणि शेतीपासून शिक्षणशास्त्रापर्यंत कितीतरी प्रबंध याच खड्ड्यात पडतात. एका शाळेतले १०० विद्यार्थी म्हणजे १०० शाळा नव्हेत.

‘नाशिकची चव’ म्हणायची असेल तर एकच जात, तिथले अनेक उत्पादक, किमान दोन-तीन वर्षांच्या वाईन, दुसऱ्या प्रदेशातूनही तेवढ्याच, आणि चाखणाऱ्यांना काय कुठलं हे माहीत नको. मगच प्रदेश बोलतो. नाहीतर लेबल बोलतं.

तुमच्यासाठी प्रयोग

आजच करा. एकाच पत्तीचे दोन काळे चहा: एक तीन मिनिटं मुरवलेला, एक चार मिनिटं. एकसारखे स्टीलचे पेले, चहा सारखाच कोमट. ‘अ’ आणि ‘ब’ चहाचे त्रिकोण सहा क्रमांनी मांडता येतात: अअब, अबअ, बअअ, बबअ, बअब, अबब. प्रत्येक क्रम दोनदा, असे १२. भावाला किंवा बहिणीला चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायला सांगा आणि पेल्यांवर तीन आकडी क्रमांक लावायला सांगा. पेले ठेवून त्याने खोलीबाहेर जायचं, कारण त्याच्या चेहऱ्यावरूनही उत्तर कळतं. डोळे मिटून चाखा, एकेक त्रिकोणानंतर पाणी प्या. चाखणारा तुम्ही, ८ ही मर्यादा.

मग दुसरी पायरी. घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा: ‘खमंग’ म्हणजे कुठल्या एका पदार्थाचा वास? उत्तरं लिहून काढा. माझ्या घरी आई म्हणाली जिऱ्याची फोडणी, बाबा म्हणाले भाजलेला रवा, धाकटा म्हणाला तर्री. एकच शब्द, तीन मापं. आता तुमच्या प्रबंधाच्या विषयातला एखादा शब्द घ्या: ‘गरिबी’, ‘ताण’, ‘सुपीक जमीन’, ‘दर्जेदार शिक्षण’. त्याच्यापुढे टेबलावर ठेवायला काय आहे, ते एका ओळीत लिहा. ओळ लिहिता येत नसेल तर प्रश्नावली छापायला देऊ नका.

आणि कधी सगळ्यांना मिरी येत असेल आणि तुम्हाला येत नसेल, तर रेघेवर शून्याच्या जागी खूण करा. हात थरथरेल. करा तरीही.

आईला आता लोक विचारतात, पोरगी काय करते. ती सांगते, "वास मोजते." परवा तिने मला फोनवर विचारलं, "आपल्या गावच्या हवेचा मोजते का गं कोणी?" यंत्राने मोजतात, मी म्हटलं. "आणि नाकाने?" या प्रश्नाचं उत्तर अजून मी दिलेलं नाही. पुढच्या सुट्टीत घुग्घुसला जाईन तेव्हा पहिल्या दिवशी, बसमधून उतरल्या उतरल्या, वही काढणार आहे. दुसऱ्या दिवशी उशीर झालेला असतो.